उरलेली पूजा

या मित्रांनो, या. असे लांब उभे राहू नका, जरा पुढे सरकून बसा. बॉनेटला टेकलात तरी चालेल, आता ते तापत नाही. आज मी तुम्हाला एक आख्यान सांगणार आहे. त्यात देव आहे, पाणी आहे, एक तार आहे आणि शेवटी जयजयकारही आहे.

मी एक जुनी स्पोर्ट्‌स कार आहे. रंग लाल, दारे दोन आणि बसायला जागाही दोघांनाच. माझे छत कापडी आहे, ते मागे दुमडता येते. माझे दिवे एरवी बॉनेटमध्ये झाकलेले असतात. बटण दाबले की झोपेतून उठल्यासारखे ते डोळे उघडून वर येतात.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी मला वाऱ्याशी शर्यत लावण्यासाठी घडवले होते. पुढे वाघोलीच्या पृथ्वीराज नावाच्या एका हौशी तरुणाने मला विकत घेतले. पहिल्या दिवसांत माझे कौतुक काय सांगू! अनोळखी माणसे माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढून घेत. मग त्याच्या दारात एक उंच, नवी गाडी आली आणि माझी रवानगी विटांच्या गोदामात झाली. ताडपत्रीखाली माझे टायर बसले. उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला आणि लेकरेबाळेही वाढवली.

तिथून मला सोडवले ते गोपाळकृष्णांनी. ते कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि बिबवेवाडीत राहत होते. ताडपत्री उचलून त्यांनी मला न्याहाळले आणि हळूच म्हणाले, "हिचा आवाज बऱ्याच दिवसांत कोणी ऐकलेला दिसत नाही."

मला टेम्पोवर चढवून त्यांनी घरी आणले. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई गाजलेल्या कीर्तनकार. नऊवारी नेसून, खांद्यावर उपरणे घेऊन उभ्या राहिल्या की चुळबुळणारी सभा शांत करणाऱ्या. त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आल्या आणि मला पाहतच राहिल्या.

"अहो, निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. तुम्ही हे काय आणलंत?"

"तुला काशीला न्यायला आणली."

"ही? ही कात्रजपर्यंत पोचली तरी मी पेढे वाटीन."

मित्रांनो, त्या पेढ्यांसाठी गोपाळकृष्णांनी कंबर कसली. त्यांची रीत एकच होती, 'आधी ऐकायचं, मग पाना उचलायचा.' चढावर मी तापत असे. इंजिनाच्या पाण्याची रबरी नळी घडीपाशी चिरली होती, ती त्यांनी शोधून बदलली. माझा ब्रेक सोडला तरी एक चाक धरून ठेवत असे. त्या ब्रेकचा गंजून अडकलेला दट्ट्या काढून, घासूनपुसून, वंगण लावून बसवला. माझा डावा दिवा उघडतच नसे. मी एकाच डोळ्याने पाहत असे आणि सुहासिनीबाई हात जोडून म्हणत, "अगं, इतर ठिकाणी काय ते कर, पण देवळासमोर डोळा मारू नकोस गं बाई!" त्या दिव्याच्या मोटारीतले दातेरी चाक झिजले होते. गोपाळकृष्णांनी जुन्या कारखान्यातल्या मित्राच्या यंत्रावर स्वतः पितळेचे नवे चाक बनवून बसवले. मी दोन्ही डोळे उघडले. कात्रज गाठले. पेढे वाटले गेले.

मग त्यांनी सुहासिनीबाईंना मला चालवायला शिकवले. तेव्हापासून त्या आपल्या कीर्तनांना माझ्यातूनच जाऊ लागल्या. कधी सासवड, कधी उरुळी, कधी लोणी काळभोर. वाटेत त्या मोठ्याने निरूपणाची तालीम करत. सिग्नलला थांबल्या की स्टिअरिंगवर ताल धरत. शेजारचे स्कूटरवाले आ वासून बघत. मी कीर्तनवेडी झाले ती अशी. देवळात मला कोण नेणार? पण अर्धे कीर्तन तर माझ्याच पोटात घडत होते!

दर दसऱ्याला माझी पूजा होई. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ, आपट्याची पाने, आणि घटातले उगवलेले धान तर सुहासिनीबाई मूठभर माझ्या बॉनेटवर, काचेपाशी वाहत. दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळकृष्ण माझे बॉनेट उघडून बराच वेळ काहीतरी खुडबुड करत. सुहासिनीबाई खिडकीतून विचारत, "अहो, काल पूजा झाली ना?"

"झाली की. आता उरलेली करतोय."

त्या हसून आत जात. हे काय बोलणे, हे त्यांनी कधी विचारले नाही.

पुढे गोपाळकृष्ण देवाघरी गेले. सुहासिनीबाईंनी मला अंतर दिले नाही. उलट माझी पूजा आणखी थाटाची झाली. आणि त्यांनी एक नेम धरला. कीर्तनाला निघण्याआधी नळी लावून, टपापासून टायरपर्यंत मला आंघोळ घालायची. "देवाच्या दारी पारोसं जायचं नाही," असे त्या म्हणत.

इथून पुढे मित्रांनो, संकट सुरू झाले.

मी वाटेत बंद पडू लागले. आधी एकदा, मग वरचेवर. छान धावत असताना मला अचानक ठसका लागे आणि माझा श्वासच थांबे. बऱ्याच वेळाने मी आपोआप सुरू होई, जणू काही झालेच नाही. एका मेकॅनिकने बॅटरी बदलली. दुसऱ्याने प्लग बदलले. तिसऱ्याने पेट्रोलचा पंप बदलला आणि छातीवर हात ठेवून शब्द दिला. त्याच आठवड्यात मी हडपसरला पुलाखाली थांबले. सुहासिनीबाई नऊवारीचा काठ सावरत रिक्षा शोधत होत्या. तिकडे देवळात पेटी आणि तबला वाजून वाजून दमले, लोक चुळबुळू लागले आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचे कीर्तन उशिरा उभे राहिले.

त्यांची मुलगी अपूर्वा एका कंपनीत नोकरी करते. जिभेची तिखट, पण आईवर जीव. ती म्हणाली, "आई, एक लक्षात आलंय का तुझ्या? ही मार्केट यार्डात भाजीला जाते. बँकेत जाते. माझ्या ऑफिसलाही आली. फक्त कीर्तनाला जात नाही. तुझी गाडी नास्तिक आहे."

मला इतके लागले म्हणून सांगू! मी नास्तिक?

"चेष्टा पुरे," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"चेष्टा नाही. हायवेवर तू एकटी उभी असतेस, मागून ट्रक येतात. मला ऑफिसमध्ये काम सुचत नाही. वाघोलीचा भंगारवाला बघून गेलाय. प्लीज, आता प्रॅक्टिकल हो. दत्तजयंतीला लोणीला कॅबने जा."

सुहासिनीबाईंनी माझ्या दारावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "कॅबने जाईन गं. एकदा जाईन, दोनदा जाईन. मग म्हणेन, कशाला त्या ड्रायव्हर पोराला ताटकळत ठेवायचं, आणि लांबची कीर्तनं सोडेन. मग जवळची. मी मला ओळखते ना. लोणीला एकदा हिच्यातून जाऊ दे. तू शेजारी बस. वाटेत बंद पडली तर किल्ली मी स्वतः तुझ्या हातात देईन."

अपूर्वा म्हणाली, "ठरलं."

म्हणजे मित्रांनो, माझे चालणे थांबले असते तर एका माणसाचे गाणेही थांबले असते.

मला बिबवेवाडीतच संभाजीच्या गॅरेजात नेले. त्याने मला कात्रजच्या घाटापर्यंत पिटाळून आणले. मी वाऱ्यासारखी धावले.

"बाई, गाडी ठणठणीत हाय. हिला काय बी झालेलं न्हाय."

"असंच सगळे म्हणतात. मग ही बंद पडते ती का?"

"कवा पडती?"

"कीर्तनाला जाताना."

संभाजी डोके खाजवू लागला. "आन् बाजारला जाताना?"

"एकदाही नाही."

"मग कीर्तनाला जाताना येगळं काय करता?"

"नऊवारी नेसते," अपूर्वा म्हणाली.

"नऊवारीनं वायरिंग बिघडत नसतंय, ताई."

सुहासिनीबाई मात्र विचारात पडल्या. "आधी ऐकायचं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग एकदम म्हणाल्या, "संभाजी, कीर्तनाला निघताना मी हिला आंघोळ घालते. बाजारात जाताना नाही घालत."

संभाजीच्या हातातला पाना तसाच राहिला. तो धावत जाऊन पाण्याची नळी घेऊन आला. त्याने मला काचेवरून मनसोक्त भिजवले, सुरू केले, अंगणात पुढे नेले आणि कचकन ब्रेक मारला. मला ठसका लागला. माझा श्वास थांबला.

"बंद पडली! बाई, बंद पडली!" संभाजी टाळ्या पिटत नाचू लागला. माझ्या मरणाचा इतका आनंद कोणालाच झाला नव्हता. पण खरे सांगू? मलाही झाला. दुखणे सापडले होते.

"आई, हे काय उगवलंय?" अपूर्वा वाकून बघत होती. समोरच्या काचेच्या खाली माझ्या अंगाला एक जाळीदार फट आहे. त्या फटीतून गव्हाचा एक कोवळा, हिरवागार कोंब डोके वर काढून उभा होता.

संभाजीने जाळी उघडली. आत एक पन्हळ आहे. काचेवरचे पाणी त्या पन्हळीत पडावे आणि कोपऱ्यातल्या भोकांमधून रस्त्यावर निघून जावे, अशी माझी रचना. ती भोके गच्च बुजली होती. पन्हळ तळ्यासारखी भरली होती. आंघोळीचे पाणी तिथे साठे, ब्रेक मारला की हिंदकळे आणि इंजिनाच्या वायरींच्या जोडावर सांडे. जोड वाळला की मी पुन्हा सुरू!

आणि भोके बुजवली कशाने? संभाजीने काळा गाळ मुठीने बाहेर काढला. झेंडूच्या पाकळ्या. अक्षता. आपट्याची पाने. एक सुपारी. घटातले धान, तेही रुजलेले. किती दसऱ्यांची पूजा माझ्या छातीत कुजून बसली होती!

बॉनेटच्या बिजागरीला एक तारेचे वेटोळे गुंडाळलेले होते. "ही कसली तार? गाडीची तर न्हाय," संभाजी म्हणाला.

सुहासिनीबाईंनी ती हातात घेतली. टोकाला काळी पडलेली, मधे पिवळसर. त्यांच्या बोटांनी ती लगेच ओळखली. "ही माझ्या तंबोऱ्याची तुटलेली तार. मी टाकायला दिली होती यांच्याकडे." मग त्यांनी त्या तारेचे टोक भोकात घातले. ते नेमके तळापर्यंत गेले.

त्यांनी तार हळूच बाहेर काढली. मग त्या म्हणाल्या, "उरलेली पूजा. अपूर्वा, तुझे बाबा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे करत होते गं. आणि मी! घरातल्या देवावर ताजं फूल ठेवण्याआधी कालचं निर्माल्य उचलते. हिच्यावर नुसती वाहतच गेले."

अपूर्वा पुढे झाली. तिने ओढणी कंबरेला खोचली, बाही वर केली आणि पन्हळीतला उरलेला गाळ काढायला घेतला. सारे निर्माल्य त्यांनी सोसायटीतल्या जास्वंदीच्या मुळाशी घातले. तो गव्हाचा कोंबही तिथेच लावला. संभाजीने वायरींचा जोड घासून, वाळवून, रबरी टोपणाखाली पक्का बंद केला.

दत्तजयंतीची दुपार आली. अपूर्वाने स्वतः मला आंघोळ घातली. सुहासिनीबाई म्हणाल्या, "पुरे गं, किती पाणी ओततेस!"

"थांब. नास्तिकांना दोन बादल्या जास्त लागतात."

पाणी खळाळत माझ्या पोटाखालून रस्त्यावर निघून गेले. आम्ही निघालो. सुहासिनीबाईंनी स्टिअरिंगवर ताल धरला, पण निरूपण काही ओठांवर येईना. हडपसरचा पूल आला. नेमका एक टेम्पो आडवा घुसला. कचकन ब्रेक! दोघींनी श्वास रोखला. मी रोखला नाही. माझे इंजिन एकसुरात गात राहिले. पूल मागे पडला, मांजरीचा फाटा मागे पडला आणि सुहासिनीबाईंचा आवाज खणखणीत लागला. लोणीपर्यंत त्या थांबल्या नाहीत आणि मीही थांबले नाही.

देवळाबाहेर पारावर म्हातारी मंडळी बसली होती. त्यांतले बाबुराव ओरडले, "बाई, आज लवकर? रिक्षा मिळाली न्हाय व्हय?"

"रिक्षा नाही मिळाली बाबुराव, विमान मिळालं!"

अपूर्वाने हात पुढे केला. "आई, किल्ली दे."

सुहासिनीबाईंचा चेहरा उतरला. "अगं, बंद कुठं पडली?"

"पडली नाही म्हणूनच. गाडी मी लावते. तू आत जा. आज कीर्तन वेळेवर उभं राहायला हवं."

तिने मला देवळाच्या दारासमोर सावलीत लावले, छत मागे घेतले आणि बटण दाबले. मी दोन्ही डोळे उघडून देवाला नमस्कार केला. अवघ्या आयुष्यात पहिल्यांदा मी एक कीर्तन आरंभापासून आरतीपर्यंत ऐकले. उत्तररंगात, म्हणजे कथेच्या भागात, सुहासिनीबाईंनी कोणते आख्यान लावले, ओळखा पाहू! माझेच. फटीतला कोंब आला तेव्हा लोक पोट धरून हसले. तार आली तेव्हा पदरांनी डोळे पुसले गेले. शेवटी असा जयजयकार झाला की माझ्या काचा थरथरल्या.

आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती तार घेऊन अपूर्वा येते. ती पारोशी येत नाही, आंघोळ करून येते.

मित्रांनो, तुमच्याही घरी सायकल असेल, शिवणयंत्र असेल, आजोबांची स्कूटर असेल. दसऱ्याला त्यांना फूल जरूर वाहा. पण दुसऱ्या दिवशी ते सुकलेले फूल आपल्याच हाताने उचला, कोपऱ्यातला गाळ काढा, जरा कान देऊन ऐका. आणि ते करताना, एवढे माझे मागणे, क्षणभर आमच्या गोपाळकृष्णांची आठवण काढा.