समुद्राचं पाणी बदललं तेव्हा

बाबांच्या शिंपले-पैदास केंद्रात शिंपल्यांची पिल्लं पुन्हा मेली. काल टाकीभर धुरळ्यासारखी तरंगत होती, आज सगळी तळाला.

बाबांनी दोष आपल्याच माथी घेतला. मागच्या खेपेला खायला घातलेलं शेवाळ नासकं असेल म्हणाले, या खेपेला नळीत घाण राहिली असणार. नळ्या खोलून धुतल्या, टाक्या बोटं सोलवटेपर्यंत घासल्या. "माझंच कुठंतरी चुकतंय," एवढंच पुटपुटत राहायचे. आई गेल्यापासून त्यांचा सगळा जीव त्या टाक्यांत अडकला होता.

त्यांची मुलगी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. रजा टाकून धावत आली. मेलेली पिल्लं तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली: कवचं अर्धवट, कडा कुरतडल्यासारख्या. मग समुद्रातून येणारं पाणी तपासलं, खात्रीसाठी पुन्हा तपासलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. बाबांची काडीचीही चूक नव्हती.

"बाबा, तुम्ही नाही हो मारलीत पिल्लं. पाणीच आम्लाकडे झुकलंय."

"एवढ्या समुद्रात आम्ल ओतलं कुणी?"

"ओतलं नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो. तो पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल होतं, सोडावॉटरमध्ये असतं ना, तेच. त्यानं पाण्यातलं कार्बोनेट कमी होतं. पिल्लं कवच बांधतात ते त्याच्यातूनच. विटाच नाहीत तर घर कशाचं बांधणार?"

"हवेत तर तो आधीपासूनच होता की."

"होता. झाडं घ्यायची, समुद्र घ्यायचा, परत सोडायचे, हिशेब जुळायचा. आता जमिनीत गाडलेला कोळसा, तेल आपण जाळतोय. तो जादाचा कार्बन जाणार कुठं?"

बाबा ओल्या टाकीच्या काठावर टेकले. ते हसतील, निदान सुस्कारा तरी सोडतील, असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "माझी चूक असती तर बरं झालं असतं गं. सुधारली असती."

 ती घाईघाईने म्हणाली, "टाकीच्या पाण्यात धुण्याचा सोडा मोजून घालता येतो, त्यानं आम्ल उतरतं. पिल्लं जगतील."

"आणि बाहेर?"

ती सोडा मोजायला तराजू शोधू लागली.

सोड्याने काम केलं. पुढच्या खेपेची पिल्लं जगली, नखाएवढी झाली. ती दोरांना लावून समुद्रात सोडायचा दिवस उजाडला. आजवर हे काम बाबांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

ती होडीत बसून हाका मारत राहिली. बाबा धक्क्यावरूनच म्हणाले, "तूच जा, पोरी. त्या पाण्यात त्यांना सोडणं माझ्याच्यानं नाही व्हायचं."

ती एकटीच गेली. एकेक दोर तिने पाण्यात सोडला. वळून पाहिलं तर धक्का रिकामा होता.

त्यानंतर बाबा केंद्रात रोज यायचे, टाक्यांपाशी बसायचे. समुद्राकडे मात्र त्यांनी पाठ फिरवली ती कायमची.