दारामागची पाटी

"त्या पाटीला हात नको लावूस," बाई म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. नोकरी करणाऱ्या मुलींचं हे वसतिगृह महिनाअखेर बंद होणार होतं आणि स्मरणिकेसाठी त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. दोन पानं, एक फोटो. बाईंनी एकतीस वर्षं हे घर चालवलं, त्यामुळे इतिहास त्यांना तोंडपाठ होता.

दारामागच्या फळीवर खिळ्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक मुलीची एक लाकडी पाटी, एका बाजूला 'आत', दुसऱ्या बाजूला 'बाहेर'. जाता-येता जिची तिने उलटायची. कायमची निघाली की स्वतःच्या हाताने काढून सोबत न्यायची, दुसऱ्या कुणी काढायची नाही.

"नर्स, टायपिस्ट, टेलिफोनवाल्या, सगळ्यांनी नेल्या. एकीनं तर घराच्या दाराला लावलीय. आता नवरा उलटतो."

खिळे रिकामे होते. एकच पाटी उरली होती, 'बाहेर'.

"ही कुणाची?"

"शिवणकारखान्यातल्या पोरीची. सलग तीन दिवस उशिरा आली. चौथ्या दिवशी निघताना मी म्हटलं, आज उशीर झाला तर येऊच नकोस." बाई चष्मा पुसत राहिल्या. "माझं तोंड फटकळ. बाकीच्या हसून सोडून द्यायच्या. हिनं खरं धरलं."

आठवड्याने तिचा भाऊ येऊन ट्रंक घेऊन गेला. ती बरी आहे, एवढंच म्हणाला. त्याला बावीस वर्षं झाली.

"शोधलं नाहीत?"

"कारखान्यात गेले होते. काम सोडलं म्हणाले. मग म्हटलं, जाईल कुठे, पाटी न्यायला तरी येईल."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुतार फळी उतरवणार होता. बाई भाचीकडे राहायला निघाल्या होत्या.

"मग पाटी तुम्हीच न्या ना."

"दुसरीची पाटी मी कशी काढू? फळीच नेतेय. भाची म्हणते, मावशी, इथे तुझ्या खाटेला जागा नाही, फळी कुठे ठेवू?"

मी लिहिलेलं वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, एका मुलीचं गाव दुरुस्त केलं. मी वही मिटू लागले तसा त्यांनी माझा हात धरला.

"शेवटी भाचीचा पत्ता छाप. म्हणावं, बाई आता इथे राहतात." त्यांनी उरलेल्या पाटीकडे पाहिलं.

"आणि पुढे लिही, उशीर झाला तरी चालेल."