अभीचं उष्टावण

प्रणिता वाटी उंच धरून पोराच्या पोटातल्या नळीत पेज सोडत होती. पेज हळूहळू उतरत होती आणि ती गुणगुणत होती. पोर जेवताना त्याच्याशी बोलावं, गावं, एवढं तिच्या आईने तिला शिकवलं होतं.

मामा आला दारी, हाती वाटी गं रुप्याची,
बाळाच्या ओठाला, बोटभर खीर दुधाची.

"डॉक्टर अक्का," मध्येच थांबून ती म्हणाली, "अभीचं उष्टावण राहिलंय की हो."

संहिता पुण्याची. बंगळूरच्या या इस्पितळात लहान मुलांची डॉक्टर व्हायला आलेली. वॉर्डातल्या नव्या डॉक्टरांत मराठी समजणारी ती एकटीच, म्हणून निपाणीकडची ही बाई तिच्या वाट्याला आली होती. प्रणिताचा नवरा बंगळूरजवळच्या होसकोट्याच्या कारखान्यात कामाला, आणि पोर, अभिराज, तीन वर्षांचं. त्याचा मेंदूचा आजार असा, की वय इतर पोरांना जे देतं ते त्याच्याकडून काढून घेत होता. आधी मान गेली, मग हसू, मग गिळणं. तोंडात घातलेलं सगळं फुप्फुसात उतरायचं. न्यूमोनियातून कसाबसा वाचला आणि पोटाला नळी बसली. उष्टावणाचं वय तर आयसीयूत झटके येण्यातच गेलं होतं.

"तोंडाने काही द्यायचं नाही, ताई. बोललोय ना आपण?"

"बोललोय की. थेंबसुदा न्हाई म्हणालात. मी ओला कपडाबी लावत न्हाई त्येच्या ओठाला."

संहिताने वाकून पाहिलं. अभीचे ओठ सोलवटून निघाले होते, कोपऱ्यात रक्त वाळलं होतं. नळी बसली तेव्हा तिनेच प्रणिताला सगळं समजावलं होतं. ओठ ओले ठेवा, एवढं सांगायचं राहिलं होतं, आणि बाईने शब्दाला शब्द पाळला होता.

तिने कापसाचा बोळा भिजवून पिळला आणि ओठांवरून फिरवला. "हे चालतं. हे रोज करायचं. माझंच सांगायचं राहिलं."

"मग खीर?"

"बघू नंतर. थोडा बरा झाला की."

प्रणिताने वाटी खाली ठेवली. नळीत पाणी सोडून ती नळी धुऊ लागली.

वॉर्डाच्या प्रमुख डॉ. हेमलतांचं घराणं बंगळूरच्या मल्लेश्वरमात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. त्यांचं मराठी कन्नडचा हात धरूनच चालायचं. नव्या डॉक्टरांचं ऐकायचं तर त्या उभ्याने ऐकत नसत, खुर्ची ओढून बसत. संहिताने दुपारी सगळं सांगितलं, खिरीचंही.

"नंतर म्हणजे कधी गं?"

संहिता हातातले कागद चाळू लागली.

"तो बरा होणार नाही, हे त्याच्या आईबापांना मी सांगितलं तेव्हा तू शेजारी होतीस. पुढचा पाऊसकाळ त्याला दिसेल की नाही, मला ठाऊक नाही. आणि तू 'थोडा बरा झाला की' म्हणतेस?"

"नाही म्हणवेना, मॅडम."

"सरी, ठीक आहे. तुझं काम सोपं झालं. तिचं काय झालं?"

"पण फुप्फुसात गेलं तर?"

"जाऊ शकतं. ते तिला सांग, काही न लपवता. तरी हवंच म्हणाली, तर धोका कमी कसा करायचा ते तू मला येऊन सांग. पुस्तकात नाही सापडायचं. इथे बसून शिकायचं ते हेच."

संहिताने प्रणिताला सांगितलं. ताप येऊ शकतो, घरी जाणं लांबेल, कदाचित घरी जाणंच होणार नाही. प्रणिता रिकामी नळी बोटाभोवती गुंडाळत ऐकत राहिली.

"पोटात नगंच जायला," ती म्हणाली. "नुसतं ओठाला लागू दे. जगात आला आणि दूध-पेजेबिगर कशाची चव न घेता गेला, असं नगं व्हायला."

उष्टावणाला मामा लागतो. प्रणिताचा भाऊ महांतेश व्हाइटफील्डला ऑफिसची कॅब चालवायचा. दोन फेऱ्यांच्या मध्ये, गणवेशातच तो आला. हातात खिरीचा डबा, रुमालात बायकोची अंगठी.

"एवढ्या ट्रॅफिकमधनं मी साहेब लोकांनाबी वेळेवर न्हेत न्हाई. भाच्यासाठी आलोय."

"तर. तीन वर्सांनी वेळेवर," प्रणिता म्हणाली, आणि मग दोघंही एकमेकांकडे न बघता हसले.

संहिताने खीर गाळून घेतली, अंगठी उकळून घेतली. शेजारच्या खाटेला ऑक्सिजन होता, म्हणून निरांजन लावता येईना. प्रणिताने नुसत्या सुपारीने ओवाळलं. कपाळाला कुंकू लावून तिने पोराला मांडीवर ताठ बसवलं. मान संहिताच्या तळहातात होती. तोंडातलं ओढून घेणाऱ्या यंत्राची नळी धरून हेमलता उशाशी उभ्या राहिल्या.

महांतेशने अंगठी खिरीत बुडवून झटकली आणि भाच्याच्या खालच्या ओठाला टेकवली.

अभी हलला नाही. मग जीभ आली. एवढीशी, थरथरत, ओठापर्यंत, आणि आत गेली. संहिता त्याचा श्वास ऐकत राहिली. श्वास नीट होता. जीभ पुन्हा आली. या खेपेला ओठांचा आवाज झाला, बारीक, ओला. पोरं दूध संपल्यावर करतात तसा.

"मागतोय की गं," महांतेश म्हणाला. "अजून दे म्हणतोय." त्याचा हात वाटीकडे गेला.

संहिताने त्याचं मनगट धरलं. "नको, मामा. पुरे."

"एकदाच, अक्का. स्वल्प."

"नाही."

प्रणिताने भावाकडे पाहिलं नाही. पोराची जीभ बाहेर येत होती, काही न मिळता परत जात होती, तिथेच तिचे डोळे होते. "मला न्हाई जमायचं त्येला पुरे म्हणायला," ती म्हणाली. "तुमी सांगा. आमाला नगं, त्येलाच सांगा."

संहिताने हेमलतांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, काही सुचवलंही नाही. संहिता खाटेपाशी गुडघ्यावर बसली. अभीचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला.

"अभी," ती म्हणाली. "पुरे आता, राजा. आणखी नाही देता येत."

त्याच्यापर्यंत ते पोचलं की नाही, कोण सांगणार. जीभ पुन्हा ओठावर आली आणि थांबून राहिली.

खिरीचा अंश तोंडात ठेवून चालणार नव्हतं. संहिताने बोळा भिजवला, घट्ट पिळला आणि त्याच्या ओठांवरचा, जिभेवरचा गोडवा पुसून घेऊ लागली. अभीने बोळा ओठांत धरला आणि तोच चोखायला लागला.