सोमवारचे कामचोर

वासुदेवराव खोकायला लागले की घरातला रेडिओ मोठा व्हायचा. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. सकाळी सहाला त्यांची उबळ सुरू झाली की सुलोचनाबाईंचा हात आपोआप बटणाकडे जायचा आणि बातम्या संपेपर्यंत उबळही संपायची. मग वासुदेवराव गुळाचा खडा तोंडात टाकायचे, बिडी पेटवायचे आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पेपर उघडायचे.

गुळाने छातीतली रुई खाली उतरते, हे त्यांचं पंचवीस वर्षांचं शास्त्र. मिलमध्ये कापूस पिंजायचं जे कार्डिंग खातं असतं, तिथे ते जॉबर होते. चाळीस माणसं हाताखाली. मिल बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. आता सांवेर रोडवर सुताचा नवा कारखाना निघत होता आणि तिथून बोलावणं कधी येतं, याकडे सगळ्या गल्लीचे डोळे लागले होते.

त्यांची मुलगी सुरभी नववीत. नुकतीच भाषणात पहिली आलेली, त्यामुळे तिचे पाय जमिनीवर नव्हते. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टर इरावतीबाई शाळेत आल्या. मिलच्या वस्तीत कोणत्या सवयींमुळे आणि कोणत्या हवेमुळे माणसं आजारी पडतात, याचा त्या अभ्यास करत होत्या आणि घरोघर फॉर्म भरायला त्यांना मुली हव्या होत्या. सुरभीचा हात सगळ्यांत आधी वर! तिला तिच्याच गल्लीतली वीस घरं मिळाली. तीन दिवसांत तिने वीसही फॉर्म भरून टेबलावर ठेवले आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

इरावतीबाईंनी एकेक फॉर्म उलटला. खोकला: नाही. दम लागणे: नाही. वीसही ठिकाणी तेच.

"सुरभी, मला तुमच्या गल्लीत एक खोली बघून दे," त्या म्हणाल्या. "हवापालटाला पचमढीला जायचं सोडून मी तिथेच राहते."

"मॅडम, लोकांनी सांगितलं तेच लिहिलंय मी."

"आणि तुझ्या घरी?"

सुरभीच्या कानात रेडिओ वाजायला लागला.

बाईंनी तिला रागावलं नाही, समोर बसवलं. कापसाची धूळ छातीत कशी बसते ते समजावलं. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दुसऱ्या दिवशी जरा सैल होते, म्हणून माणसाला वाटतं की आपणच आळसावलो. वर्षं जातात आणि मग रोजच धाप लागते. त्यात बिडी असली की विचारायलाच नको.

"धूळ मिलच्या हवेतली आणि धूर आपल्या हातातला, पण छातीला दोन्ही सारखेच जाळतात."

सुरभीने गुळाचं विचारलं. बाई हसल्या. "गूळ जातो पोटात, धूळ जाते छातीत. दोघांची भेटच होत नाही गं."

श्वास मोजायचं यंत्र एकच होतं. फॉर्ममध्ये खोकणारी माणसं दिसतील त्याच गल्लीत ते रविवारी जाणार होतं. नावं कुठल्याही कारखान्याला जाणार नाहीत, हे बाईंनी दोनदा सांगितलं. "गेलेला श्वास परत आणता येत नाही, पण पुढचा वाचवता येतो. तुझ्याकडे शनिवारपर्यंत वेळ आहे. या वेळी एक प्रश्न जास्त विचार, जास्त त्रास कोणत्या वारी व्हायचा?"

समोरच्या घरात हरीकाका राहायचे. कार्डिंग खात्यातलेच, वासुदेवरावांच्या हाताखालचे. नळावरून बादली आणताना ते आता तीन ठिकाणी टेकायचे. सुरभीने वार विचारला तसे ते दाराकडे बघू लागले. मग हळूच म्हणाले की फॉर्मवर 'नाही' लिहायचं, हे तिच्या पप्पांनीच घरोघर सांगितलंय. लिस्टमध्ये नाव गेलं तर नव्या कारखान्यात कोण उभं करणार?

"पण वार कोणता, काका?"

"मंडे गं, और क्या! तुझे पप्पा घड्याळ घेऊन खात्याच्या दारात उभे. 'आ गए सोमवार के कामचोर' म्हणायचे. तीन मेमो दिले मला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मलापण वाटायचं, बेटा, की मीच कामचोर आहे."

सुरभीने घरी जाता जाता पाच मुद्द्यांचं भाषण तयार केलं होतं. पप्पांसमोर उभी राहिली आणि एकही मुद्दा आठवेना. तिने एवढंच विचारलं, "पप्पा, सोमवारी तुमचीपण छाती आवळायची का?"

वासुदेवराव भडकले. फॉर्म भरून पोट भरत नाही, सांवेर रोडवाल्यांना खोकणारी माणसं नकोत, असं बरंच काही बोलले. बोलता बोलता उबळ आली. सुलोचनाबाईंचा हात रेडिओकडे गेला, पण या वेळी त्यांनी रेडिओ बंद केला. खोलीभर फक्त तो खोकला ऐकू येत राहिला.

उबळ थांबल्यावर सुरभी म्हणाली, "तिथेही कापूसच आहे ना, पप्पा? आजार लपवून पुन्हा त्याच धुळीत जायचं का?"

वासुदेवरावांनी हातातली बिडी विझवली.

"आवळायची. दर सोमवारी. कापसाच्या गाठींच्या मागे बसून गूळ खायचो आणि बाहेर येऊन हरीवर ओरडायचो."

आता बघा, ज्याला कामचोर म्हटलं तो आजारी आणि म्हणणाराही आजारीच!

शुक्रवारी संध्याकाळी वासुदेवराव स्वतः समोरच्या घरी गेले. उंबऱ्यातच म्हणाले, "हरी, सोमवार लिहून दे. खोटं सांगायला लावलं, ते चुकलं माझं. दारात उभा राहून बोलायचो, तेही चुकलंच."

हरीकाकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बैठो, जॉबर साहब. चार पावलं चालून आलात, दम लागला असेल."

दोघंही हसले आणि दोघंही खोकले.

वासुदेवराव मग लेकीबरोबर घरोघर फिरले आणि नावं कुठल्याही कारखान्याला जाणार नाहीत, हे सगळ्यांना सांगितलं. नवे फॉर्म भरले तेव्हा चौदा घरांतून 'हो' आलं. सगळ्यांत वरचा फॉर्म वासुदेवरावांचा होता. रविवारी यंत्र गल्लीत आलं. वासुदेवरावांच्या फुंकरीने काटा अर्ध्यापर्यंतच गेला, हरीकाकांचा त्याच्याही खाली राहिला. दोघांची औषधं सुरू झाली. बिडी एका दिवसात सुटली नाही. आधी सकाळची सुटली, मग बाकीच्या. सांवेर रोडवरून बोलावणं आलं तेव्हा वासुदेवरावांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "धूळ ओढणारे पंखे कुठेत?" आणि आपल्यासाठी पॅकिंगचं काम मागून घेतलं. सोमवारी कोणी धापा टाकत आला की आता ते त्याला आधी स्टुलावर बसवतात, मग वेळ बघतात.

मंडळी, असा एखादा रेडिओ आपल्याही घरात असेल. तो जरा बंद करा आणि खोकणाऱ्याला विचारा, कधीपासून, कोणत्या वारी? आजार लपवण्यात कसली आलीय अब्रू? हवा सुधारायची तर खरं सांगावं लागतं, सवय सुधारायची तर ते स्वतःलाही सांगावं लागतं. आणि दुसऱ्याच्या दुखण्याला आळस म्हणण्याआधी एकदा आपल्याच छातीवर हात ठेवून बघावं!