खाच साफ केली

माझ्या आतल्या अंगाला, दातांच्या ओळीखाली, एक खाच आहे. तिची लांबी चार मिलिमीटर आहे आणि रुंदी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. साध्या डोळ्यांना ती कुणीतरी नखाने ओढलेल्या रेघेसारखी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिच्या तळाशी सात समांतर ओरखडे दिसतात. सातही एकाच दिशेने गेलेले आहेत. मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे आणि माझी गोष्ट या सात ओरखड्यांची आहे.

जुना म्हणजे सोळा कोटी वर्षांचा. चिचुंद्रीहूनही लहान अशा एका केसाळ प्राण्याचा मी डावा, खालचा जबडा. लांबी अकरा मिलिमीटर, दाढा पाच, त्यांतली एक तुटलेली. तो प्राणी किडे खाई. एकदा तो तळ्याकाठच्या चिखलात रुतला आणि वर आलाच नाही. चिखलाचा दगड झाला. माझ्या हाडातल्या बारीक पोकळ्या कणाकणाने खनिजांनी भरत गेल्या. त्या कामाची कुणाला घाई नव्हती.

त्या काळी मी नुसता जबडा नव्हतो, थोडा कानही होतो. तुमच्या कानात हातोडी आणि ऐरण नावाची दोन इवलीशी हाडे आहेत. तुमच्या फार दूरच्या पूर्वजांमध्ये ती जबड्याच्या सांध्यात होती. पिढ्यान्‌पिढ्या ती लहान होत गेली, मागे सरकली आणि शेवटी कानात जाऊन बसली. माझ्या प्राण्यात हा प्रवास अर्ध्यावर होता. ती हाडे मागे सरकली होती, पण एका काडीसारख्या बारीक हाडाने अजून मला बांधलेली होती. ती काडी माझ्या खाचेत बसलेली असे. तुम्ही आता माझी गोष्ट ऐकता आहात, ती त्या सुटून गेलेल्या हाडांच्या जोरावर.

अठरा वर्षांपूर्वी एका खाणीत दगड फुटला आणि मी उजेडात आलो. पातळ कागदात आणि प्लॅस्टरमध्ये गुंडाळून मला एका खोलीत आणले. उत्तरेकडे खिडकी, लांब टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक आणि वाळू भरलेला ट्रे, एवढीच ती खोली. तिथे एक काका काम करत. दगडातून हाड मोकळे करणे हे त्यांचे काम. सुयांना धार ते स्वतःच लावत. त्यांचा हात इतका स्थिर होता, की संग्रहालयाच्या किल्ल्या सांभाळणारे किल्लीदादा दारातून हमखास टोमणा मारत.

"काय काका, आज कुणाची दाढी?"

"आहे एक म्हातारा. गिऱ्हाईक हलत नाही, तेवढं बरं."

त्या खोलीत दोन नियम होते. रोज काय खरडले ते वहीत लिहायचे. आणि खरडलेला चुरा टाकायचा नाही. बोटाच्या पेराएवढ्या कुपीत भरून ती कुपी त्या नमुन्यालाच बांधायची. आज जो दगडाचा भुगा वाटतो, तो उद्या भुगा राहीलच असे नाही, म्हणून.

माझ्याच दगडातले सरड्यांचे चार जबडे काकांनी आधी साफ केले होते. चौघांच्याही खाचेत निव्वळ दगड निघाला होता. माझी पाळी पाचवी. पाण्यातल्या लोहामुळे माझी काडी आणि भोवतालचा दगड एकाच तांबूस रंगाचे झाले होते. काकांनी सवयीने सुई ओढली. एकदा, दोनदा, सात वेळा. सातव्या वेळेनंतर ते थांबले. ट्रेच्या कडेला पडलेल्या शेवटच्या कणात त्यांना बारीक छिद्रे दिसली. हाडाला अशी छिद्रे असतात, त्या दगडाला नव्हती.

काकांनी सुस्कारा सोडला. ती फुंकर नव्हती, पण ट्रेमधल्या चुऱ्याला सुस्कारा आणि फुंकर यांतला फरक कळत नाही. सोळा कोटी वर्षे टिकलेली माझी काडी भुगा होऊन फरशीवर कुठेतरी गेली. काका गुडघ्यांवर बसून संध्याकाळपर्यंत ब्रशने फरशी झाडत राहिले. धूळ खूप मिळाली. ती कशाची, हे सांगता येण्यासारखे नव्हते. मग त्यांनी रिकामीच कुपी मला बांधली, तिच्या चिठ्ठीवर 'चुरा नाही' असे लिहिले आणि वहीत तीन शब्दांची नोंद केली: खाच साफ केली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. माझ्यासारख्या प्राण्यांचा अभ्यास करण्यात त्यांची वीस वर्षे गेली होती. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिले आणि त्या ताठ झाल्या.

"काका, अहो, खाच रिकामी आहे!"

"हं."

"म्हणजे याचा कान सुटा झाला होता. इतक्या लवकर! काका, तुमच्या हाताला सोन्याने मढवायला हवं."

"बाई, मला जरा..."

"थांबा, आईला फोन करून आलेच मी."

बाई पळतच बाहेर गेल्या. काकांनी ठरवले, उद्या सांगू. मित्रांनो, त्या उद्याला अठरा वर्षे लागली.

पुढे माझे दिवस वैभवाचे होते. बाईंनी माझ्यावर लेख लिहिला. उत्क्रांतीच्या वृक्षाच्या चित्रात माझ्यासाठी एक वेगळी फांदी काढली गेली. मला काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवले आणि खाली पाटी लागली: 'सर्वांत जुना सुटा कान'. शाळेतली मुले काचेला नाक लावून मला बघत. नाकांचे ठसे किल्लीदादा रोज पुसत आणि कुरकुरत. माझे प्लॅस्टरचे नमुने गावोगावच्या शाळांत गेले. त्या नमुन्यांतही खाच रिकामी होती. खोटेपणाच्या इतक्या नेटक्या प्रती क्वचितच निघत असतील.

सहा वर्षांपूर्वी दूरच्या एका देशात माझ्यासारखाच एक जबडा सापडला. तो माझ्यापेक्षा साडेतीन कोटी वर्षांनी तरुण होता आणि त्याच्या खाचेत काडी शाबूत होती. मग माझी काडी इतकी आधी कशी गेली? बाईंनी उत्तर दिले, की कान दोनदा, दोन फांद्यांवर वेगवेगळा सुटा झाला असणार. उत्तर अशक्य नव्हते. पुष्कळांना ते पटले आणि त्यावर आणखी लेख निघाले. एका सुस्काऱ्यातून फुटलेल्या फांदीला असे पानामागून पान फुटत गेले.

गेल्या वर्षी माझ्याच थरात, माझ्याच जातीचा जबडा मिळाला. पूर्ण वाढलेला, काडीसकट. एकाच जातीत कान सुटाही आणि बांधलेलाही असू शकत नाही.

त्या आठवड्यात बाईंनी मला पेटीतून काढले. किल्लीदादांना त्या म्हणाल्या, धूळ साफ करायची आहे. मग एकट्याच बसून त्यांनी माझ्या खाचेचा पन्नासपट मोठा फोटो काढला. सात ओरखडे. बराच वेळ त्या माझ्या कुपीवरची चिठ्ठी वाचत होत्या. वहीत 'खाच साफ केली' आणि कुपीवर 'चुरा नाही', असे होत नाही. फोटो त्यांनी लांब टेबलाच्या आपल्या खणात ठेवला, त्याच खणात कापसावर मला ठेवले आणि खणाला कुलूप लावले. त्यांनी कुणाला काही विचारले नाही. पेटीत माझ्या जागी प्लॅस्टरचा नमुना गेला. मुलांना फरक कळला नाही.

वर्षभर मी त्या खणात होतो. माझ्याजवळ विचार करायला एकच गोष्ट होती. माझी काडी आता या जगात नाही. काका सत्पुरुष असोत की अपराधी, बाई बोलोत की न बोलोत, माझी खाच भरणार नाही. मित्रांनो, चूक तुमच्याही हातून होईल. चुरा सांभाळता आला तर सांभाळा. तो उडून गेला तर निदान उडाला असे त्याच दिवशी लिहा. त्या दिवशी त्याला तीनऐवजी दहा शब्द पुरतात. नंतर कितीही शब्द वापरले तरी ते कमीच पडतात.

आज काकांचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सूक्ष्मदर्शक त्यांनी तीन महिन्यांपूर्वीच झाकून ठेवला होता. दुपारी किल्लीदादा एक छापील कागद घेऊन आले. बाई खिडकीशी उभ्या होत्या.

"इथे सही ठोका काका, की सुटलात. चहा गार होतोय."

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्याने वाचला. "माझ्या वहीतील नोंदी खऱ्या आणि पूर्ण आहेत."

"अहो, वाचताय काय! सगळे नुसती सही करतात."

"खऱ्या आहेत," काका म्हणाले. "पूर्ण नाहीत."

काका खिडकीकडे वळले.

"बाई, ती खाच रिकामी नव्हती. काडी होती तिच्यात. मला दगड वाटला, मी खरडली. कळलं तोवर भुगा झाला होता, आणि तोही माझ्याच श्वासाने उडाला. सांगणार होतो. तुम्ही आईंना फोन करायला गेलात."

बाई टेबलाशी आल्या. त्यांनी खण उघडला, माझ्याशेजारचा फोटो काढला आणि काकांपुढे ठेवला. काकांना तो नीट दिसला नाही. तो डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी बोटाने ओरखडे मोजले.

"सात," ते म्हणाले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"वर्ष झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

किल्लीदादांनी हातातला किल्ल्यांचा जुडगा आवाज न करता टेबलावर ठेवला. काकांनी सहीचा कागद उलटा करून पेन उघडले आणि वाकून, नाक कागदाला टेकवून, ते लिहू लागले. बाईंनी मला कापसासकट उचलून तळहातावर घेतले.

"तुमचं लिहून होऊ द्या काका," त्या म्हणाल्या. "मी माझा लेख मागे घेते."