बहिणी : निरंक

हिंजवडीच्या पलीकडे आमच्या भागात जमिनीला असा भाव आलाय, की बांधावरचा मुंगळासुद्धा हल्ली वकील बरोबर घेऊन फिरतो. त्यातल्या एकाने मला माझ्याच बांधावरून उठवलं, पण ते जाऊ द्या. रावसाहेबांचं सव्वा एकर याच भागात, दोन टोलेजंग इमारतींच्या मधे, वाळत टाकलेल्या हिरव्या लुगड्यासारखं पडलं होतं.

भाऊबीजेची दुपार होती. रावसाहेब सोफ्यावर रेलले होते. कपाळावर बहिणीने लावलेलं कुंकू, त्याला दोन अक्षता अजून चिकटलेल्या. ती बहीण, सोजरबाई, स्वयंपाकघरात जेवणाची भांडी आवरत होती. नवरा गेल्यापासून ती विश्रांतवाडीत एका खोलीत राहायची, चार घरच्या पोळ्या करायची. आज दोन बस बदलून सकाळीच आली होती. आणि रावसाहेबांच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसली होती त्यांची मुलगी, प्रियदर्शनी.

ही पोरगी हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टर. म्हणजे काय, तर लोकांनी बनवलेले ऑनलाइन फॉर्म भरून बघायचे, त्यात काही खोटंनाटं शिरतंय का ते तपासायचं आणि शिरत असेल तर बोंब मारायची.

तिचे आजोबा, सीताराम, आषाढात गेले; जमीन अजून त्यांच्याच नावावर. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायची होती. पूर्वी या कामाला तलाठ्याकडे इतक्या चकरा पडत, की चकरा मारणाराच मयत व्हायचा आणि रांगेत त्याच्या जागी त्याचा वारस उभा राहायचा. आता सगळं घरबसल्या. प्रियदर्शनीला त्याचं मोठं कौतुक.

"बाबा, इथे बहिणींचं विचारतायत. नाव, आधार, मोबाइल."

रावसाहेबांनी स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "सोड ते मोकळं."

"नाही सुटत. लाल चांदणी आहे. म्हणजे भरावंच लागतं."

"अगं, अक्का काय वाटा मागनार हाय व्हय? आपल्यात बहिणी मागत न्हाईत. पूर्वीसारखं असतं तर हक्कसोडीवर सही घेतली असती, साडी नेसवून पाठवली असती. आता घरात बसून हुतंय तर म्हातारीला कशाला तरास? तुम्ही शिकलेली मान्सं. करा कायतरी."

'तुम्ही शिकलेली' असं कुणी म्हणालं, की शिकलेल्या माणसाचं डोकं चालायला लागतं. आणि डोकं चाललं की बाकीचं बरंच काही थांबतं. रकाना मोकळा चालत नाही, पण शब्द चालतो, हे प्रियदर्शनीने हेरलं. तिने सरकारी कागदावर शोभेल असा शब्द टाकला. निरंक. म्हणजे शून्य, काही नाही. लाल चांदणी विझली.

"काय लिवतीस गं एवढं, सणाच्या दिवशी?" सोजरबाई पदराला हात पुसत मागे येऊन उभी होती. दुसरीपर्यंत शिकलेली. पडद्यावर बोट ठेवत तिने अक्षर लावलं, "नि... रं... निरांजन व्हय?"

रावसाहेब छताकडे बघायला लागले.

"हो, आत्या," प्रियदर्शनी म्हणाली.

"बघा! सरकारलाबी भाऊबीज कळाया लागली!" सोजरबाई हसली आणि चकल्यांचा डबा भरायला आत गेली.

अर्ज सात मिनिटांत गेला. पंधरा दिवसांची नोटीस लागली. तेवढ्यात कुणाची हरकत आली नाही, की नोंद पक्की.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी प्रियदर्शनी कंपनीच्या बसमध्ये अडकली होती. हिंजवडीच्या या ट्रॅफिकमध्ये एका जोडप्याचं बसमध्ये जमलं आणि बस सुटेस्तोवर पोराचं बारसं झालं, असं मी सांगितलं तर निम्मं सोडून द्या. पुढचं मात्र सोडू नका.

तिच्या फोनवर मेसेज आला. अर्जावर संपर्काला तिने बाबांच्या नंबरासोबत स्वतःचाही दिला होता. "हरकतीची मुदत उद्या संपत आहे. अर्जदार : रावसाहेब सीताराम. बहिणी : निरंक."

तिने तो तीनदा वाचला. आजोबांच्या पाठीला जखमा झाल्या, तेव्हा दोन महिने पोळ्यांची कामं सोडून त्या जखमा रोज कोमट पाण्याने धुणारी ही निरंक. दुसऱ्याच्या फॉर्ममधलं खोटं पकडायचा पगार घेणाऱ्या पोरीने आपल्या घरातलं खोटं स्वतः आत सोडलं होतं. उद्या आपला धाकटा भाऊ विक्रम असाच लॅपटॉप उघडेल आणि त्या रकान्यात आपण निरंक असू, हेही तिला दिसलं. पण खरं टोचत होतं ते वेगळंच. आत्याला म्हटलेला तो 'हो'.

ती बसमधून उतरली आणि रिक्षा करून थेट विश्रांतवाडीला गेली.

सोजरबाई कणीक मळत होती. प्रियदर्शनीने दारातच सगळं सांगितलं. बाईचे हात परातीत तसेच राहिले.

"म्हंजी त्ये निरांजन नव्हतं?"

"नाही, आत्या. काही नाही, असं लिहिलं होतं."

सोजरबाईने कणकेचा गोळा परातीच्या कडेला सारला.

"वाटा मी सोडलाबी असता गं," सोजरबाई म्हणाली. "त्येनं तोंडानं मागितला असता तर. पर मी हायेच न्हाई, असं कसं लिवलं?"

"आता हरकत घेता येते. तुझ्या मोबाइलवर सहा आकडे येतील, ते मला सांग. उद्यापर्यंतच वेळ आहे."

"आन् म्हायेर तुटलं तर?"

प्रियदर्शनीने बॅगेतून लॅपटॉप काढला. सोजरबाईने हात धुतले, कोनाड्यातला बटणांचा फोन काढला. बसचे नंबर वाचून वाचून ती आकडे शिकली होती. तसाच एकेक आकडा, पाटी बघून गाडीत चढावं तसा, तिने सांगितला. हेही काम सात मिनिटांत झालं. यंत्र मोठं इमानी. जे सांगाल ते लिहून घेतं.

पाव तासात रावसाहेबांचा फोन. "अक्का! भावाच्या इरोधात हरकत? आत्ता मेसेज आलाय मला. नातं म्हनून काय लिवलंय म्हाईत हाय का?"

"काय लिवलंय?"

पलीकडे रावसाहेब अडखळले. "बहीण."

"मग बरोबर हाय की," सोजरबाई म्हणाली. "मला एवढंच सांग रावसाहेब, भाऊबीजेला तुला ववाळलं कुनी?"

फोन बंद झाला नाही. सोजरबाईने तो तसाच चालू कोनाड्यात ठेवला.

निघताना प्रियदर्शनी वाकली, तेव्हा आत्याने पाठीवर हात ठेवला, पण तो नेहमीसारखा जड नव्हता. "शब्द त्येनं सांगितला आसंल नसंल. मी इचारलं तवा हो तू म्हनालीस."

घरी पोचल्यावर प्रियदर्शनी आपल्या खोलीत गेली आणि त्याच संकेतस्थळावरचा तक्रारीचा फॉर्म उघडला. तिने लिहिलं : 'बहिणींच्या रकान्यात निरंक स्वीकारू नका. आधी गावात विचारा, मृताच्या पाठीच्या जखमा कोण धूत होतं.' खाली आणखी एक रकाना होता. तक्रार कोणाविरुद्ध? पुढे लाल चांदणी.

निरंक इथेही चाललं असतं, हे तिला ठाऊक होतं.

तिने स्वतःचं नाव लिहिलं.