अर्ध्या गच्चीचा कठडा

मी एक कठडा. लोखंडी, कंबरेएवढा, हिरव्या रंगाचा. कठड्याला कसलं आलंय आत्मवृत्त, असं म्हणत असाल तर जरा टेका इथं आणि ऐका.

जन्मानं मी भंगार. मोडक्या नळ्यांच्या ढिगातून या घरातल्या दोन भावांपैकी धाकट्यानं मला उचललं. तो वेल्डिंगचं काम करतो. वडील गेल्यावर त्यानं आणि थोरल्यानं मिळून हे घर नव्यानं बांधलं. दारं दोन, गच्ची एक. थोरला शिंपी. आई त्याच्याकडे राहते.

दोघंही ख्रिस्ताला मानणारे. थोरला रविवारी प्रार्थनेला जाणारा, जुन्या वळणाचा. धाकट्याचं शास्त्रवाचन वाढलं आणि त्याला वाटायला लागलं, मसीहा स्वतः ज्या आज्ञा पाळायचा त्या आपण का सोडल्या? तेव्हापासून शुक्रवारी सूर्य बुडाला की त्याचं काम बंद, ते शनिवारी सूर्य बुडेपर्यंत. हा त्याचा शब्बाथ, शास्त्रातला विश्रांतीचा दिवस.

मला उभं करताना तो खुशीत म्हणाला, "दादा, नवं घर बांधलं की गच्चीला कठडा करायचा, अशी आज्ञाच आहे शास्त्रात. कुणी पडलं तर दोष घरावर येतो."

झालं! थोरल्याचं डोकं फिरलं. "आज्ञा? आपण कृपेनं तरलोय, नियमांनी नाही. आज कठडा सांगतोस, उद्या माझ्या ताटात काय वाढायचं तेही सांगशील. माझ्या बाजूला एक नळी लावायची नाही!"

"अरे, तरण्यासाठी कोण पाळतंय? ज्यानं तारलं त्याचं ऐकावंसं वाटतं, एवढंच."

"मग तुझ्या बाजूला ऐक!"

तर मी अर्धाच उभा राहिलो. थोरल्याच्या बाजूला नुसती वीतभर कड. उरलेल्या नळ्या जिन्याखाली पडल्या आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं. नुसतं "पडायची भीती आहे" म्हटलं असतं ना, तर थोरल्यानं स्वतः नळ्या धरल्या असत्या. पण आज्ञा म्हटलं आणि बिनसलं.

धाकट्याला चैन नव्हती. माझ्यावर कोपरं टेकून पुटपुटायचा, "अर्धीच आज्ञा पाळली म्हणायची ही. पडणारा काय बाजू बघून पडतो?"

आई रोज वर यायची, ऊन खायला, कपडे काढायला. तिची नजर मंदावत चालली होती आणि ती कुणाला पत्ता लागू देत नव्हती. माझ्यावर हात ठेवून चालायची. इतक्या मायेनं मला दुसरं कुणीच धरलं नाही.

एका शुक्रवारी ऊन उतरताना ती अशीच चालत आली आणि मी जिथं संपतो तिथून पुढं गेली. हात हवेत चाचपडायला लागला. "अगं, थांब!" मी जीव तोडून ओरडलो, पण लोखंडाचं ऐकतंय कोण? नशीब, थोरला तेव्हाच वर आला होता. त्यानं धावत जाऊन तिला मागं ओढलं.

"आई, तुला दिसत नाही?"

"दिसतं रे. थोडंथोडं."

थोरला ओक्साबोक्शी रडला. मग जिन्याखालच्या नळ्या खांद्यावर घेऊन थेट धाकट्याच्या दारात. "लाव. आत्ताच्या आत्ता."

काय झालं ते ऐकून धाकटा पांढराफटक पडला. मग त्यानं आकाशाकडं पाहिलं. सूर्य टेकला होता. "दादा, शब्बाथ लागतोय."

"आईपेक्षा वार मोठा झाला तुला?"

मला वाटलं, संपलं! आता हे दोघं जन्माचे तुटणार!

"आई मोठी," धाकटा म्हणाला. "म्हणून उद्या दिवसभर मी त्या मोकळ्या जागी बसतो. काम करणार नाही, पण तिला पडूही देणार नाही."

"त्यापेक्षा तिला खालीच ठेवतो मी."

"डालून ठेवायला मी काय कोंबडी आहे?" आई जिन्यातून ओरडली.

शनिवारी धाकटा खुर्ची टाकून कडेला बसला. आई शेजारी. तो म्हणाला, "आई, मला वाटायचं, आज्ञा पाळल्या की मी चांगला माणूस होईन. तसं काही होत नाही गं, चिडतो तसाच. फक्त आठवड्यातून एकदा हातातलं काम सुटतं आणि शेजारी कोण आहे ते दिसतं."

"शेजारी मी आहे. जरा सरक, ऊन अडवलंस."

दुपारी थोरला थर्मास घेऊन आला. "तू आज चूल पेटवत नाहीस ना? घे, चहा मी केलाय." धाकट्यानं आधी आईला दिला, मग स्वतः घेतला.

"मग उद्या लावतोस?"

"उद्या तुझा दिवस, दादा. तुझ्या दिवशी ठिणग्या नाही उडवणार."

रविवारी थोरला प्रार्थनेहून येईपर्यंत धाकटा बसला. मग थोरला, इस्त्रीच्या कपड्यांत, त्याच खुर्चीवर.

सोमवारी थोरल्यानं नळ्या धरल्या, धाकट्यानं जोडल्या. मी पुरा झालो! मोठ्या कौतुकानं आईला वर आणलं. ती या कडेपासून त्या कडेपर्यंत हात फिरवत गेली आणि तिचा चेहरा उतरला.

"झाला पुरा? म्हणजे आता तुम्ही दोघं वर बसायला येणार नाही?"

थोरला खाली गेला आणि आणखी एक खुर्ची घेऊन आला.

आता माझा रंग उडालाय, सांधे कुरकुरतात. आईला काहीच दिसत नाही. कृपा मोठी की आज्ञा, यावर दोघं अजून कडाकडा भांडतात, पण वर बसून, आईला मध्ये घेऊन. माझं एवढंच मागणं आहे: रंग नाही दिलात तरी चालेल, पण तुमच्या घरी कुणी उन्हात एकटं बसलं असेल, तर उठा आता. जाऊन बसा जवळ.